फोक्सवॅगन : पैसे ३ लाख ३६ हजार लोकांनी भरले, गाडी एकालाही मिळाली नाही

तिसरा_गिअर

परवा 'पहिली गाडी कोणती घ्यावी' या धाग्यावर फोक्सवॅगनवरून चांगलीच जुंपली होती. एका गटाचं म्हणणं, जर्मन बांधणी आहे, डोळे झाकून घ्या. दुसऱ्याचं म्हणणं, सर्व्हिसिंगला गेलात की अंगावरचे कपडे काढून घेतात. त्यात एका सदस्याने लिहिलं, 'ऐंशी वर्षांचा विश्वास आहे साहेब.' तिथेच उत्तर द्यायला बसलो, पण ते इतकं वाढलं की वेगळा धागा काढणंच बरं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना थेट खाली जाऊन शिव्या घालता येतील. या कंपनीने साध्या गिऱ्हाइकाला दोनदा टोपी घातली. एकदा जन्माच्या वेळी आणि एकदा २०१५ च्या आधीची काही वर्षं. मधल्या काळात तिने जे नाव कमावलं ते इंजिनाच्या हुशारीवर कमी आणि सुट्या भागांच्या कपाटावर जास्त.

पहिली टोपी. हिटलरला साध्या जर्मन माणसाला परवडेल अशी मोटार हवी होती. किंमत हजार राइशमार्कच्या (तेव्हाचं जर्मन चलन) आत. फर्डिनांड पोर्शने आराखडा केला. खासगी मोटार कंपन्यांना या किमतीत गाडी बनवणं म्हणजे आतबट्ट्याचा धंदा वाटत होता, म्हणून काम गेलं नाझींच्या कामगार आघाडीकडे. ही आघाडी म्हणजे १९३३ मध्ये खऱ्या कामगार संघटना मोडून, त्यांच्या इमारती आणि तिजोऱ्या जप्त करून उभी केलेली सरकारी संघटना. त्याच पैशातून कारखान्याला भांडवल मिळालं. २६ मे १९३८ ला फालर्सलेबेनजवळ, कालव्याच्या काठी, खुद्द हिटलरच्या हस्ते कोनशिला बसली.

गाडीची किंमत ठरली ९९० मार्क, आणि विक्रीची पद्धत अशी : आठवड्याला किमान ५ मार्कांचं तिकीट विकत घ्यायचं, कार्डावर चिकटवायचं आणि कार्ड भरलं की गाडीच्या रांगेत उभं राहायचं. विमा आणि पोहोचवण्याचा खर्च वेगळा. जमा रकमेवर व्याज शून्य, कार्ड दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. आपल्याकडच्या भिशीत निदान दर महिन्याला कुणाला तरी पैसे मिळतात! ३ लाख ३६ हजार लोकांनी कार्डं काढली. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि कारखान्यातून बाहेर पडू लागल्या त्या लष्कराच्या क्युबेलवागन. ज्या थोड्याफार नागरी गाड्या बनल्या त्या पक्षाच्या बड्या धेंडांनी घेतल्या. तिकिटं चिकटवणाऱ्या एकाही माणसाच्या दारात गाडी उभी राहिली नाही. जमा झालेला पैसा बर्लिनच्या बँकेत होता, तो युद्धाच्या शेवटी रशियनांच्या हाती लागला.

आता मधला काळ, आणि मला तोच जास्त आवडतो. १९४५ मध्ये कारखाना ब्रिटिशांच्या ताब्यात आला. निम्मं छप्पर बॉम्बनी उडालेलं. भरपाई म्हणून यंत्रं उचलून न्यायची असं चाललं होतं, पण ब्रिटिश मोटार उद्योगातल्या जाणत्यांनी गाडी तपासून सांगितलं की हिच्यात दम नाही, गिऱ्हाइकाला आवडणार नाही. तिथे नेमला गेला मेजर आयव्हन हर्स्ट, यॉर्कशायरचा, वय २९, लष्कराच्या दुरुस्ती विभागातला. त्याने कारखान्यातली एक गाडी लष्करी हिरव्या रंगात रंगवून मुख्यालयात पाठवली. सैन्याला वाहनांची टंचाई होतीच. ऑर्डर आली थेट २० हजारांची.

पोलाद नाही, कोळसा नाही, कामगारांना पोटभर अन्न नाही. पैशाला किंमत नव्हती, तेव्हा गाड्यांच्या बदल्यात माल मिळवला. तरी १९४६ मध्ये महिन्याला हजाराच्या आसपास गाड्या निघू लागल्या. पण हर्स्टचं खरं काम वेगळंच. त्याने तपासणी विभाग उभा केला, आणि विकलेल्या गाड्यांच्या तक्रारी कारखान्यापर्यंत परत येतील अशी सर्व्हिसची व्यवस्था लावली. १९४८ च्या जानेवारीत आलेला नवा प्रमुख हाइनरिश नोर्डहोफ हा आधी ओपेलमध्ये होता. त्याने हेच सूत्र धरलं. गाडीचा आकार दरवर्षी बदलायचा नाही, आतल्या आत सुधारत राहायचं. अमेरिकेत डीलर नेमताना सर्व्हिसची जागा, शिकलेले मेकॅनिक आणि सुटे भाग यांवर भर. त्या काळात अमेरिकेत गेलेल्या कितीतरी युरोपीय गाड्या भागांवाचून अंगणात गंजून गेल्या. बीटल, म्हणजे हीच फोक्सवॅगनची गाडी, टिकली, कारण तिचा भाग दुकानात मिळायचा.

आणि जाहिराती! १९५९ मध्ये डॉइल डेन बर्नबाख या न्यूयॉर्कच्या कंपनीने काम घेतलं. बर्नबाख स्वतः ज्यू. युद्ध संपून १५ वर्षंही झाली नव्हती, आणि हिटलरने कोनशिला बसवलेली गाडी विकायची होती. त्यांनी पानभर पांढऱ्या जागेत एवढीशी गाडी छापली आणि म्हटलं, लहान विचार करा. दुसऱ्या एका जाहिरातीत चकचकीत बीटलच्या फोटोखाली लिहिलं की ही गाडी टाकाऊ आहे, कारण डॅशबोर्डच्या कप्प्यावरच्या क्रोमच्या पट्टीवर डाग होता आणि तपासनिसाने ती नाकारली. पुढे म्हटलं, आमच्याकडे ३,३८९ माणसं फक्त तपासायला आहेत. स्वतःच्या मालाला स्वतःच नाव ठेवून विश्वास कमावण्याची ही रीत त्याआधी मोटार धंद्यात फारशी कुणी वापरली नव्हती.

१७ फेब्रुवारी १९७२ ला बीटलने फोर्डच्या मॉडेल टीचा विक्रम मोडला. शेवटची जुनी बीटल ३० जुलै २००३ ला मेक्सिकोत पुएब्लाला बनली. एकूण २ कोटी १५ लाख २९ हजार ४६४.

दुसरी टोपी सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. १८ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने जाहीर केलं की फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांच्या संगणकात अशी आज्ञावली आहे जी गाडी चाचणीच्या रोलरवर आहे हे ओळखते. तेवढ्यापुरतं धुरावर नियंत्रण पूर्ण चालू, रस्त्यावर आलं की ढिलं. नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटीपर्यंत. जगभरात १ कोटी १० लाख गाड्या. पाच दिवसांत प्रमुख मार्टिन विंटरकोर्न यांनी राजीनामा दिला. हे लोक 'स्वच्छ डिझेल' म्हणून जाहिरात करत होते हे विसरू नका. जी कंपनी क्रोमच्या डागावरून गाडी नाकारल्याचं छापायची, तिचीच ही जाहिरात.

असो. हाणा आता.

शेंद्रा_नाका

मस्त लिहिलंय राव. आमच्या बाजूचं थोडं. पुण्याचे लोक चाकण चाकण करतात, पण या कुटुंबाची पहिली गाडी आमच्या औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, शेंद्र्यात जुळली. २००१ ची स्कोडा ऑक्टाव्हिया (स्कोडा ही फोक्सवॅगन गटातलीच). फोक्सवॅगनच्या नावाची पसाट पण २००७ मध्ये इथेच जुळायला लागली. चाकणचा कारखाना उघडला ३१ मार्च २००९ ला, डिसेंबरात पहिली पोलो निघाली.

चाकणच्या आधी आंध्रात विशाखापट्टणमला कारखाना होणार होता. तिथे सरकारने एका मधल्या कंपनीला ११ कोटी रुपये देऊन टाकले, मग कळलं की फोक्सवॅगनचा तिच्याशी संबंधच नाही. २००५ मध्ये बराच गदारोळ झाला होता. त्याच वर्षी जर्मनीत कामगार परिषदेच्या पुढाऱ्यांना कंपनीच्या खर्चाने परदेश दौरे आणि चैनी करवल्याचं प्रकरण फुटलं आणि व्यवस्थापनातले पेटर हार्ट्स पुढे दोषी ठरले. म्हणजे तिसरा_गिअर, तुमच्या दोन टोप्यांच्या मध्ये लहानसहान टोपड्यापण आहेत.

हार्त्सची_हवा

मी ब्राउनश्वाइगला राहते, वोल्फ्सबुर्ग, जिथे हा कारखाना आहे, ते गाडीने अर्ध्या तासावर. नवरा सुट्या भागांच्या एका पुरवठादाराकडे आहे, त्यामुळे आमच्या घरात हा विषय जेवणाच्या ताटावर असतोच.

स्टेशनवर उतरलं की समोर कालवा, पलीकडे वीजघराच्या चार चिमण्या आणि विटांची भिंत. ही भिंत किलोमीटरभर तशीच चालत राहते. नाझी काळात या गावाला धड नावही नव्हतं, 'फालर्सलेबेनजवळचं अमुक गाडीचं शहर' एवढंच. वोल्फ्सबुर्ग हे नाव मे १९४५ मध्ये जवळच्या गढीवरून ठेवलं.

मूळ लेखात एक गोष्ट राहिली आणि ती राहू नये. युद्धाच्या काळात त्या भिंतीच्या आत साधारण २० हजार लोकांनी सक्तीने काम केलं. पोलिश, सोव्हिएत युद्धकैदी, इटालियन सैनिक, फ्रेंच, छळछावण्यांतले ज्यू कैदी. कारखान्यातल्या बहुसंख्य कामगारांची तीच गत होती. पोलंड आणि सोव्हिएत भागातून आणलेल्या बायकांची तान्ही मुलं काढून घेऊन ज्या तथाकथित बालगृहात ठेवली जात, ते पुढे र्‍यूएन नावाच्या खेड्यात हलवलं. तिथे शेकडो बाळं उपासमारीने आणि जंतुसंसर्गाने मेली. आई कारखान्यात पाळीवर, मूल तिकडे. कारखान्याच्या डॉक्टरवर, हान्स क्योर्बेलवर, ब्रिटिशांनी खटला चालवला आणि १९४७ मध्ये त्याला फाशी दिली.

कंपनीने स्वतःच नंतर इतिहासकार हान्स मोमझेन यांच्याकडे हे काम सोपवलं. त्यांचा हजारभर पानांचा ग्रंथ १९९६ ला आला. १९९८ मध्ये जिवंत असलेल्या सक्तीच्या कामगारांसाठी निधी केला. १९९९ पासून कारखान्यातल्या जुन्या हवाई हल्ल्याच्या तळघरात स्मारक आहे. मी एकदा जाऊन आले. खाली जाडजूड भिंतींच्या ओळीने खोल्या, वर चालू कारखाना. कामगारांनी सांगितलेल्या आठवणी तिथे लावल्या आहेत.

त्यामुळे '८० वर्षांचा विश्वास' म्हणणाऱ्याला माझा एवढाच प्रश्न, मोजायला सुरुवात कुठल्या वर्षापासून करायची?

उलटतपासणी

लेख वाचनीय, पण निष्कर्ष ओढूनताणून. १९३८ ची फसवणूक 'कंपनीने' केली म्हणणं चूक आहे. तिकिटांची योजना कामगार आघाडीची, पैसा तिच्या बँकेत, युद्ध हिटलरचं. १९४५ नंतर जी संस्था उभी राहिली तिला एक मार्क त्यातला मिळाला नाही. तिने का भरायचं? उद्या एखाद्या बुडालेल्या बिल्डरची जागा मी लिलावात घेतली, तर त्याच्या फ्लॅटधारकांना घरं मी द्यायची का?

तिसरा_गिअर

@उलटतपासणी, कोर्टातही अगदी हेच झालं. १९४८ मध्ये तिकीटधारकांनी संघ काढला आणि कंपनीला कोर्टात खेचलं. कंपनीची बाजू तुम्ही मांडलीत तीच. खटला वर्षानुवर्षं रेंगाळला. १९६१ मध्ये तडजोड झाली : नवी गाडी घेणार असाल तर ६०० मार्कांपर्यंत सूट, नाहीतर १०० मार्क रोख. पूर्ण कार्ड भरलेल्याचे ९९० गेले होते, आणि तेही युद्धाआधीचे.

कायद्याने तुमचं बरोबर असेल. पण मुद्दा असा की कारखाना, यंत्रं, आराखडा, गाडीचं नाव हे सगळं नव्या संस्थेने घेतलं. वारसा हवा आणि कर्ज नको, असं. शिवाय सूट मिळवायची तर त्याच कंपनीची नवी गाडी घ्यायची! गंमत म्हणजे अनेकांनी घेतली.

आणि भांडवलाचं ऋण मात्र वेगळ्या रस्त्याने फेडावं लागलं. युद्धानंतर कंपनीला मालकच नव्हता. कामगार संघटना म्हणाल्या, आमच्या लुटलेल्या पैशावर हा कारखाना उभा आहे. लोअर सॅक्सनी राज्य म्हणालं, कारखाना आमच्या हद्दीत. केंद्र म्हणालं, आमचा. १९६० मध्ये त्यावर खास कायदाच केला, फोक्सवॅगन कायदा. शेअर लोकांना विकले, पण राज्याकडे २० टक्के मतं राहिली आणि महत्त्वाच्या ठरावांवर नकाराधिकार मिळाला. नवा कारखाना कुठे काढायचा किंवा असलेला हलवायचा, यात कामगार प्रतिनिधींचं म्हणणं डावलता येत नाही. १९९४ पासून ३० हजार लोकांना काढण्याऐवजी सगळ्यांनी आठवड्याला चार दिवस, २८.८ तास काम करायचं ठरलं ते या रचनेमुळे. २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा तसंच : २०३० पर्यंत ३५ हजार जागा कमी करायच्या, पण सक्तीची कपात नाही.

झेक_मेट

अजून एक थकलेलं बिल. बीटलचं मागे बसवलेलं हवेने थंड होणारं इंजिन, मधला कणा, उतरता आकार, यातलं बरंच काही झेक टाट्रा कंपनीच्या हान्स लेडविंकाच्या गाड्यांत आधी दिसतं. टाट्राने दावे लावले होते. मग जर्मनीने झेकोस्लोव्हाकियाच गिळला, दावे कुठले राहतात! १९६५ मध्ये फोक्सवॅगनने पैसे देऊन ते प्रकरण मिटवलं.

योझेफ गान्झचंही नाव घ्या. ज्यू अभियंता, मोटारविषयक मासिकाचा संपादक, लोकांसाठी हलकी स्वस्त गाडी हवी म्हणून वर्षानुवर्षं कंठशोष करणारा. १९३३ मध्ये गेस्टापोने पकडला, नंतर देश सोडला, १९६७ ला ऑस्ट्रेलियात वारला.

पाना_पक्कड

इतिहास ऐकून गार झालो, आता जरा ऑइलमध्ये हात घालू. माझं गॅरेज आहे, सातारा रोडला. तिसरा_गिअर भाऊंचा सुट्या भागांचा मुद्दा १०० टक्के पटला. आपल्याकडे मारुतीचं नाव झालं ते पण अशानेच, तालुक्याच्या गावात क्लच प्लेट मिळते.

पोलोबद्दल लोक 'डीएसजी डीएसजी' करतात म्हणून सांगतो. सात गिअरची ती ऑटोमॅटिक गिअरपेटी आहे तिच्यात दोन क्लच असतात, एक विषम गिअरांना, एक सम गिअरांना. तिसऱ्यात चालताना चौथा आधीच लावून ठेवलेला, त्यामुळे बदल लोण्यासारखा. पण या जातीतले क्लच कोरडे, तेलात बुडालेले नाहीत. हायवेला काही प्रश्न नाही. चांदणी चौकात किंवा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी इंच इंच सरकते तेव्हा क्लच अर्धवट घासत राहतो आणि तापतो. वर मेकाट्रॉनिक म्हणून युनिट असतं, इलेक्ट्रॉनिक्स आणि हायड्रॉलिक एकाच डब्यात, ते महागडं. २०१३ मध्ये चीनमध्ये याच कुळाच्या पेट्यांसाठी ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलावल्या होत्या. २०२० पासूनच्या १.० टीएसआय पेट्रोल पोलोत साधी टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे जुन्या पद्धतीची ऑटोमॅटिक पेटी दिली, तिचा तो त्रास नाही.

बाकी पत्रा, वेल्डिंग, सस्पेन्शन, यात खोट काढायला जागा नाही.

जेटलॅग_काकू

मिशिगनहून. इथला भाग मी भरते.

डिझेल घोटाळा पकडला कुणी, तर वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या छोट्या गटाने. त्यांना काही घोटाळा शोधायचा नव्हता. उलट अमेरिकेत डिझेल किती स्वच्छ आहे ते दाखवून युरोपला लाजवायचं, असा एका ना-नफा संस्थेचा बेत होता. तीन गाड्या घेतल्या : जेट्टा, पसाट आणि बीएमडब्ल्यू एक्स ५. मागच्या बाजूला जनरेटर, नळ्या, मोजण्याची पेटी बांधली आणि रस्त्यावर उतरले. पसाट तर लॉस एंजलिसहून सिअ‍ॅटलला नेऊन परत आणली. प्रयोगशाळेत फोक्सवॅगन गुणी. रस्त्यावर दोन फोक्सवॅगनचे आकडे मर्यादेच्या कितीतरी वर, बीएमडब्ल्यू बहुतांशी ठीक. त्या गटात अरविंद तिरुवेंगडम नावाचे आपल्याकडचे संशोधकही होते. २०१४ च्या मे मध्ये अहवाल आला. त्यानंतर वर्षभर कंपनी 'तांत्रिक कारणं असतील' म्हणून टोलवत राहिली. कॅलिफोर्नियाच्या अधिकाऱ्यांनी 'नव्या २०१६ च्या गाड्यांना परवाना नाही' म्हटल्यावर कबुली आली.

मग बायबॅक, म्हणजे कंपनीने गाड्या परत विकत घ्यायच्या. पावणेपाच लाखांच्या आसपास २ लिटरच्या गाड्या, १४.७ अब्ज डॉलरपर्यंतची तडजोड. गाडीची घोटाळ्याआधीची किंमत, वर रोख. इथे डेट्रॉइटजवळ पाँटिअ‍ॅकला पडीक फुटबॉल स्टेडियम होतं, त्याच्या पार्किंगमध्ये हजारो जेट्टा आणि गोल्फ ओळीने लावल्या होत्या. बर्फ पडला की नुसते उंचवटे. कित्येक मालक खूश, कारण वापरलेल्या गाडीचे इतके पैसे कोण देतो? काहींनी त्याच पैशातून पुन्हा फोक्सवॅगनच घेतली, मात्र पेट्रोलची.

उलटतपासणी

@जेटलॅग_काकू, माहिती चांगली. पण 'सगळे करतात, हे पकडले गेले' हेच यातून दिसतं. युरोपात रस्त्यावर मोजलं तर कितीतरी कंपन्यांच्या डिझेल गाड्या मर्यादेच्या वर होत्या.

हार्त्सची_हवा

बरेच जण मर्यादेच्या वर होते हे खरं. पण चाचणीच्या वेळी गाडीने ओळख पटवून सोंग घ्यायचं, यासाठी कुणीतरी बसून आज्ञावली लिहावी लागते, ती तपासावी लागते, लाखो गाड्यांत भरावी लागते. ढिलाईत आणि सोंगात फरक आहे. २०१७ मध्ये कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल केला. २६ मे २०२५ ला इथे ब्राउनश्वाइगच्या कोर्टाने चार माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं, त्यातल्या दोघांना तुरुंगवास. कोनशिलेची तारीखही २६ मेच, हा निव्वळ योगायोग.

आणि इथल्या गिऱ्हाइकाला काय मिळालं ते बघा. अमेरिकनांना २०१६ मध्येच तडजोड. जर्मनांना आधी सांगितलं की तुमच्या गाडीचं सॉफ्टवेअर बदलून देतो, नुकसान काही झालेलंच नाही. २०२० मध्ये ग्राहक संघटनेच्या सामूहिक दाव्यात ८३ कोटी युरो, माणशी १,३५० ते ६,२५७. त्याच वर्षी मे मध्ये सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितलं की कंपनीने जाणूनबुजून फसवलं, गाडी परत घ्या. पण चालवलेल्या किलोमीटरचे पैसे वजा करून! शेजारचे आजोबा दोन्ही आकडे ऐकून म्हणाले होते, आपण घरचे ना, म्हणून.

कोथरूड_डेपो

आणि भारतात? इथे कुणी लिहीत का नाही?

२०१५ च्या डिसेंबरात ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत बोलावल्या, सॉफ्टवेअर बदलायला. एआरएआय ही वाहनं तपासणारी संस्था पुण्यातलीच, तिच्या रस्त्यावरच्या चाचण्यांत तफावत दिसली होती. कंपनीचं म्हणणं, आम्ही भारतात कुठला नियम मोडलाच नाही, कारण रस्त्यावर मोजायचा नियमच तेव्हा इथे नव्हता. २०१९ च्या मार्चमध्ये हरित लवादाने ५०० कोटींचा दंड केला, सुप्रीम कोर्टाने कारवाईला स्थगिती दिली. भारतीय मालकाच्या हातात काय पडलं? सॉफ्टवेअर. छदामही नाही.

तीच गोष्ट सुरक्षेची. २०१४ मध्ये गाड्या आपटून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातली पोलो आपटली, एअरबॅग नसलेली. शून्य तारे. सांगाडा मात्र टिकला होता, हे त्यांनीही नोंदवलं. कंपनीने ताबडतोब ते मॉडेल बंद करून दोन एअरबॅग सगळ्या पोलोंना दिल्या आणि त्या गाडीला चार तारे मिळाले. चांगलंच केलं. पण चाकणच्या त्याच कारखान्यात एअरबॅग बसवता येत होत्या, हे आधी माहीत नव्हतं काय?

शेंद्रा_नाका

कोथरूडकर, रास्त. मात्र नंतर टायगून आणि व्हर्टसला पाच तारे आले, स्कोडाच्या कुशाक आणि स्लाव्हियालाही. हेही लिहा की.

अवांतर : २१ सप्टेंबर २०१० चं वर्तमानपत्र कुणाला आठवतं का? व्हेंटोची जाहिरात. शेवटचं पान उघडलं की चिकटवलेली काळी डबी बोलायला लागायची, उजेड पडला की सुरू. रद्दीत टाकली तरी बोलते, कचऱ्याच्या डब्यात टाकली तरी आतून आवाज. मुंबईत काहींना बॉम्ब वाटला आणि पोलीस बोलावले. आमच्या आजीने तो पेपर बादलीत बुडवला होता.

निवांत_बाळू

व्हेंटोवरून आठवलं. चाकणच्या व्हेंटो मेक्सिकोला जायच्या. ज्या देशात शेवटची बीटल बनली, 'वोचो' म्हणून जिच्या टॅक्सींनी मेक्सिको सिटी भरलेली असायची, तिथे आपल्या खेड तालुक्यातून गाड्या. माझा मावसभाऊ तेव्हा तिथे पेंट शॉपला होता. डाव्या स्टिअरिंगची गाडी लाइनवर आली की म्हणायचा, ही बोटीवर चालली.

तिसरा_गिअर

@कोथरूड_डेपो, तुम्ही तर माझ्या लेखाला तिसरा अंक जोडलात. १९६१ ला जर्मन तिकीटधारकाला १०० मार्क, २०१६ ला अमेरिकनाला पुरी किंमत, २०२० ला जर्मनाला किलोमीटर वजा करून, भारतीयाला सॉफ्टवेअर. कंपनी एकच आहे, फक्त समोरचं कोर्ट बदलतं. म्हणून 'ही कंपनी विश्वासू आहे का' या प्रश्नावर मी तरी भांडत नाही. तुमच्या देशात ग्राहकाच्या मागे कोण उभं आहे, त्यावर ते ठरतं.

नवशिका_८९

सगळं वाचलं, भारी धागा. पण माझा प्रश्न तिकडेच राहिला. २०१६ ची पोलो डिझेल मिळतेय, एकहाती, ७० हजार चाललेली. घेऊ का नको?

पाना_पक्कड

१.५ टीडीआय असणार. आधी चॅसिस नंबर टाकून रिकॉलमधली आहे का ते विचार, असली तर सॉफ्टवेअर झालंय का त्याचा कागद माग. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते बिलावर बघ, मालकाच्या तोंडी नको. सकाळी थंड इंजिनावर सुरू करून बघ, धूर आणि टर्बोची शिट्टी ऐक. घाटात तिसऱ्या गिअरला ओढून बघ. आणि मुख्य म्हणजे तुझ्या गावापासून जवळचं सर्व्हिस सेंटर किती लांब आहे? १०० किलोमीटरच्या वर असेल तर स्विफ्ट घे आणि सुखी राहा.

नवशिका_८९

चिपळूण.

पाना_पक्कड

मग आधी नकाशा उघड. अंतर बघ आणि इथे लिही, मग पुढचं बोलू.